नावाचा गजर

“भावजी, आपल्या पोराला दार उघडायला ठेवलाय व्हय हितं?”

इंदूनं हे एवढ्या मोठ्यांदा विचारलं की पुढच्या रांगेतला एक गोरा वळून बघायला लागला. त्याला काय डोंबल कळणार होतं, पण मीच ओशाळलो. खाली बर्फावर आइस हॉकीचा सामना रंगात आला होता. खेळाडू गरागरा फिरत होते, एकमेकांना कडेच्या फळ्यांवर आपटत होते, आणि बाकाच्या टोकाला आमचा धैर्यशील डोक्याला साधी टोपी घालून बसला होता. आतला खेळाडू दमून बाहेर आला की हा फाटक उघडायचा, दुसरा आत गेला की लावायचा. उघड, लाव. उघड, लाव.

“अगं, तो राखीव गोलकीपर आहे,” मी म्हणालो. “राखीव गोलकीपरनं कडेला बसून फाटक सांभाळायचं, ही ह्यांच्यातली रीतच आहे. त्यात कमीपणा नाही काही.”

“रीत कसली मेली! कराडास्नं हितवर आलो, थंडीनं कान गळून पडायची पाळी आली, आन् बघतोय काय, तर पोरगं दारावर बसवलंय.”

तिच्या पलीकडे तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ संपत बसला होता. डोक्याला पांढरी टोपी, तिच्यावरून हनुवटीखाली बांधलेला मफलर, अंगात मी दिलेला जाडजूड कोट. सामना त्यानं बघितलाच नाही. गोल झाला, भोंगा वाजला, लोक उठून नाचले, तरी ह्याची नजर त्या फाटकावर. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “दादा, फाटक मातुर झ्याक उघडतोय पोरगा. एकदा बी चुकला न्हाय.”

मला हसू आलं.

धैर्यशील संपतचा मुलगा. कागदावर माझा. मी तरुणपणी कारखान्यात फिटर होतो, तिथून कॅनडाला गेलो आणि तिकडेच रुजलो. प्रमिलाला, माझ्या बायकोला, मूल झालं नाही. सगळे डॉक्टर झाले, सगळे नवस झाले. एका सुट्टीत गावी आलो तेव्हा आमच्या आईनं संपतला अंगणात उभा करून सांगितलं, “तुला दोन हाईत. एक थोरल्याच्या पदरात घाल.” संपत वाद घालणाऱ्यातला नव्हता. तो गोठ्यात गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि म्हणाला, “धाकट्याला न्या.” तेव्हा धैर्यशील आठ वर्षांचा होता. त्याला कुणीच काही विचारलं नाही. त्या काळी मुलांना विचारायची पद्धत नव्हती, आणि विचारलं असतं तरी ऐकलं कुणी असतं?

तिकडे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात प्रमिलानं त्याला बर्फावर घातला. नाहीतर दिवसभर खिडकीला नाक लावून बसायचा. गल्लीतली पोरं आइस हॉकी खेळायची आणि गोलात उभं राहायला कुणी तयार नसायचं, कारण ती रबराची चकती लागली की हाड मोडतं. नवा, काळा, मुका पोरगा त्यांना आयताच सापडला. त्याला गोलात उभा केला आणि तो तिथंच राहिला. पुढं तेच त्याचं पोट झालं. सगळ्यात वरच्या लीगमध्ये नाही, त्याच्या खालच्या, जिथं खेळाडू बसमधून रात्रंदिवस फिरतात आणि वरून बोलावणं येण्याची वाट बघतात.

मला तो ‘काका’च म्हणायचा, संपतला ‘आबा’. त्याचं मराठी आठव्या वर्षी जिथं थांबलं तिथंच होतं. सहा फुटी दाढीवाला बाप्या, पण मराठीत बोलायला लागला की “काका, मला भूक लागली की वं” असं म्हणायचा. अशा आवाजात बोलणाऱ्या माणसाला रागवायचं तरी कसं? आणि मी तापट माणूस, प्रमिला मला फटाक्याची माळ म्हणायची. तरी त्याच्यावर माझा आवाज कधी चढला नाही.

एकदाच, सरावाहून येताना गाडीत, त्यानं विचारलं होतं. “काका, आबांनी मलाच का दिलं? रणूदादाला का न्हाय?”

“रणजित थोरला. शेती कुणी बघायची?”

तो म्हणाला, “म्हंजे मी जास्तीचा होतो.”

मी गाडी चालवत राहिलो.

प्रमिला गेल्यावर मला तिथलं घर खायला उठलं. मी गावी परत आलो, संपतच्या शेजारी दोन खोल्या बांधून राहिलो. दर रविवारी धैर्यशीलचा फोन यायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर तो म्हणाला, “काका, माझा खेळ आता सरत आलाय. गुडघं दुखत्यात. आबांनी एकदा बघाया पायजे मला. एकदाच बघू देत.” त्यानं माझ्याकडे काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. मी व्हिसाच्या मागे लागलो. संपत नको नको म्हणत होता. “मी काय करू तिकडं जाऊन? मला काय कळतंय त्यातलं?” पण खरं कारण तेवढं नव्हतं. एकवीस वर्षांत धैर्यशील दोनदा गावी आला होता आणि दोन्ही वेळा संपत त्याच्यासमोर चोरासारखा वावरला होता. पोराच्या नजरेला नजर देत नव्हता. इंदूनंच शेवटी त्याची बॅग भरली.

आम्ही पोचलो आणि त्याच आठवड्यात नशीब उघडलं. वरच्या संघाच्या मुख्य गोलकीपरचा गुडघा गेला. राखीव होता तो मुख्य झाला, आणि राखीव म्हणून आमच्या पोराला वर बोलावलं. एकोणतिसाव्या वर्षी! मी नाचायचाच बाकी होतो. शनिवारी तो फाटक उघडत बसला ते त्यामुळं. आणि रविवारी सकाळी हॉटेलातून त्याचा फोन आला.

“काका, आज मी हाय. मीच.”

त्याचं म्हणणं असं की लागोपाठ दोन दिवस सामने असले की दुसऱ्या दिवशी राखीवाला उतरवतात. प्रशिक्षकानं त्याला स्वच्छ सांगितलं होतं, आज नीट खेळलास तर हंगामभर वर ठेवतो, नाहीतर उद्याच्या बसनं परत खाली. आणि त्या वयात खाली गेलेल्याला पुन्हा कुणी वर बोलावत नाही, हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती.

“आबांना सांगा,” तो म्हणाला, “नीट बघा म्हणावं.”

सामना शेजारच्या शहरात होता, दुपारचा. त्या शहराचं नाव मी घेत नाही, मला त्यांच्याशी भांडण उकरून काढायचं नाही. आमच्या जागा मिळाल्या त्या त्यांच्याच लोकांच्या गर्दीत. चहूकडे त्यांच्या रंगाचे सदरे, आणि मधे आम्ही तिघं, संपत टोपीत, इंदू नऊवारीवर कोट घालून. आजूबाजूची माणसं तशी भली होती. एकीनं इंदूला गरम चॉकलेटचा पेला आणून दिला. इंदूनं एक घोट घेतला आणि मला म्हणाली, “ह्येला कुणी चहा म्हनायला सांगितलंय?”

धैर्यशील बर्फावर आला. पाठीवर मोठ्या अक्षरांत आमचं आडनाव, निकम. इंग्रजीत होतं, पण संपतला तेवढं वाचता येत होतं. त्यानं मफलर सोडून मांडीवर ठेवला. देवळात शिरताना चपला काढतात तसा.

आणि काय खेळला हो पोरगा! पहिली वीस मिनिटं त्यानं चकती आत येऊ दिली नाही. डावीकडून आली, पायानं अडवली. हवेतून आली, हातमोज्यात धरली. एकदा तर आडवा पडला, सगळे गोल झाला म्हणून उठले, आणि ह्यानं काठीच्या टोकानं चकती बाहेर काढली. संपतला खेळ कळत नव्हता, पण धरणं आणि सुटणं कुणाला कळत नाही?

“धरली! दादा, धरली बघ! इंदे, बघितलीस का?”

“बघतीया की! डोळं काय घरी ठेवून आलीया?”

मी संपतला लहानपणापासून ओळखतो. त्याला असा मोकळा हसताना मी आमचे वडील असताना बघितलं होतं, त्यानंतर नाही. मनात म्हटलं, प्रमिला, तू असायला हवी होतीस. एवढा एक दिवस नीट जाऊ दे, मला दुसरं काही नको.

मधली सुट्टी झाली. संपतनं मला विचारलं, “आता त्येला ठेवतील न्हवं वरच?”

“असाच खेळला तर ठेवतील.”

“खेळंल. माझ्याकडं बघितलं त्येनं मगाशी.”

त्यानं खरंच वर बघितलं होतं. आमच्या जागा त्याला माहीत होत्या.

दुसऱ्या भागात पहिला गोल झाला तो नशिबाचा. चकती आमच्याच खेळाडूच्या बुटाला लागून आत वळली. त्याला कुणीही काही करू शकलं नसतं. दुसरा झाला तो गर्दीतून, त्याला दिसलाच नाही. पण तिसरा साधा होता. लांबून मारलेला, रोज पोरंसोरं अडवतात तसला. तो त्याच्या काखेखालून गेला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. प्रशिक्षकानं मान खाली घातलेली मला इथून दिसली.

मग ते सुरू झालं.

आधी वरच्या रांगांतून आलं. दोन सुरांत, लांबवून, सावकाश. “नीऽऽऽ-कॅम. नीऽऽऽ-कॅम.” मग डावीकडचे लोक लागले, मग समोरचे, मग सगळं स्टेडियम. हजारो माणसं एका तालात आमचं आडनाव घेत होती.

मला त्या खेळाची पंचवीस-तीस वर्षांची माहिती. हे कौतुक नव्हतं. पाहुण्यांचा गोलकीपर ढासळायला लागला की यजमानांचे लोक त्याचं नाव असं गात गात त्याला चिडवतात. शाळेत सगळी पोरं मिळून एकाला कोपऱ्यात घेतात ना, तशातली गत. तू गेलास, आता आम्हाला तुझी भीती नाही, असा त्याचा अर्थ. चांगले चांगले गोलकीपर त्यानं खचतात. आणि आमचा तर पहिलाच दिवस.

संपतनं माझं मनगट धरलं.

“दादा, आपलं नाव घेत्यात.”

मी बर्फाकडे बघत राहिलो.

“आरं, आपलं नाव घेत्यात सगळी! पोरगं अडचणीत आलंय म्हनून त्येला जोर देत्यात. दुसऱ्याच्या गावची माणसं हाईत ही, तरी बी! केवढी माणुसकी म्हनायची!”

तुम्ही आमच्याकडचे असाल तर संपतचं कुठं चुकलं ते तुम्हाला लगेच कळेल. आमच्याकडे जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं. आपला पैलवान खाली गेला, वरचा त्याच्या मानेवर बसला, की गाव त्याचं नाव घ्यायला लागतं. जिंकणाऱ्याचं नाव तर कुणीही घेतं, खाली गेलेल्याचं घेतात ते त्याला उठवायला. संपत तरुणपणी लढायचा. एकदा तो असाच खाली अडकला होता, तोंडात माती गेलेली, श्वास कोंडलेला, आणि सगळं गाव हलगीच्या तालावर ‘संपा, संपा’ करत होतं. तो उठला होता. त्या दिवसाची गोष्ट त्यानं आयुष्यभर सांगितली. त्याला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं.

तो उठून उभा राहिला.

“संपत, बस खाली.” मी त्याच्या कोटाला धरलं.

“बसू कसा? त्येच्या बापानंच नाव घ्यायचं न्हाय व्हय?”

“अरे, तसं नाही ते. ऐक माझं.”

“सोड दादा!” त्यानं माझा हात झटकला. संपतनं. ज्यानं जन्मात माझ्यापुढं आवाज काढला नव्हता त्यानं. “एकवीस वरसं मी त्येच्यासाठी कायबी केलं न्हाय. आज एवढं तरी करू दे मला.”

आणि त्यानं दोन्ही हात वर केले आणि पोटातून आरोळी दिली. “नीऽऽऽ-कॅम!” आमचंच आडनाव, पण त्यांच्यासारखंच वाकडं करून, त्यांच्या सुरात, कुणाला वाटू नये की म्हातारा बेसूर गातोय. इंदूही उठली. पदर खोचला आणि टाळ्या वाजवायला लागली, आरतीला वाजवतात तशा.

मी काय करायला हवं होतं, सांगा ना! ह्या गोंगाटात त्याच्या कानात ओरडून सांगू, की अरे बाबा, हे तुझ्या लेकाची खिल्ली उडवतायत आणि तू त्यांच्यात सामील झालायस? त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि ते राहूनच गेलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. आजूबाजूच्या लोकांना तर पर्वणीच. टोपीवाला म्हातारा आपल्या बाजूनं ओरडतोय म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली, एकानं त्याच्या हातात त्यांच्या रंगाचं फडकं दिलं. संपतनं ते आनंदानं डोक्यावर फिरवलं. मी ते हिसकायला गेलो तर मागच्यानं मलाच दरडावलं.

तेवढ्यात कॅमेऱ्याला तो सापडला.

छताला टांगलेल्या त्या प्रचंड पडद्यावर, चारही बाजूंना, संपत दिसायला लागला. पांढरी टोपी, उघडं तोंड, हातात ते फडकं. सगळं स्टेडियम हसून उठलं आणि आवाज दुप्पट झाला. संपतनं स्वतःला बघितलं आणि पडद्याकडे बघून नमस्कार केला.

खेळ थांबलेला होता. धैर्यशीलनं मुखवटा वर करून पाणी प्यायला मान मागं टाकली, आणि त्याची नजर पडद्यावर गेली.

तो पाणी प्यायचा थांबला. बाटली तशीच तोंडापाशी. मग त्यानं मान वळवून आमच्याकडे बघितलं, खऱ्या संपतकडे, पडद्यावरच्या नाही. एवढ्या लांबून चेहरा काय दिसणार, पण मला दिसला. मी दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होतो. तसं नाही रे, त्याला कळलेलं नाही रे. त्या गर्दीत माझे हात कुणाला दिसणार? दिसले असते तरी तेही टाळ्यांसारखेच दिसले असते.

“बघितलं!” संपत ओरडला. “दादा, त्येनं बघितलं मला!”

धैर्यशीलनं मुखवटा खाली ओढला. शिट्टी झाली. पुढच्याच झटक्यात चकती त्याच्या दोन्ही पायांच्या मधून गेली. तो हललासुद्धा नाही.

प्रशिक्षकानं हात केला. दुसरा गोलकीपर उठला, आणि धैर्यशील बर्फावरून सावकाश बाकाकडे आला. सगळे त्याला नाव घेऊन निरोप देत होते आणि त्यांत आमचा संपत सगळ्यांत मोठ्यानं. पोरगा बाकावर बसला, त्यानं साधी टोपी घातली, आणि एक खेळाडू दमून आला तेव्हा फाटक उघडलं.

“परत दारावर बसवला?” इंदू म्हणाली.

“दमला आसंल,” संपत खाली बसत म्हणाला. त्याचा घसा पार बसला होता. “एवढ्या माणसांनी नाव घेतलं. आता जरा इसावा नको त्येला?”

सामना संपल्यावर खेळाडूंच्या नातेवाइकांना आत सोडतात. एका लांबलचक बोळात आम्ही उभे राहिलो. मी ठरवलं होतं, पोरगा बाहेर आला की आधी त्याला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. पण तो बाहेर आला आणि संपत माझ्याआधी पुढं गेला. एकवीस वर्षं ज्याच्या नजरेला नजर दिली नव्हती त्याच्या गळ्यातच पडला.

“आरं, सगळं शहर तुझं नाव घेत हुतं! ऐकलंस का? मी बी घेतलं. माझा आवाज आला का तुला?”

धैर्यशील काठीसारखा ताठ उभा होता. त्यानं संपतच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, “ह्यांना माहीत नाही ना?”

मी मान हलवली. नाही.

त्यानं डोळे मिटले. संपत बोलतच होता. “तुला खरं सांगू? दादाला तुला दिला त्या दिवसापास्नं मला एक रात धड झोप न्हाय. वाटायचं, मी लेकरू इकलं. आई म्हनाली म्हनून मी दिलं, मला न्हाय म्हनता आलं न्हाय. गोठ्यात जाऊन रडलो हुतो रं मी. धाकटं न्या म्हनालो, कारन थोरला परक्या माणसाला भीत हुता, आन् तू…” तो थांबला. “तू लई लळा लावला हुतास. तुझ्यासारखं पोर कुनाच्या बी घरात सुखात ऱ्हाईल आसं वाटलं. पर आज बघितलं. एवढी मोठी माणसं, गोरी माणसं, तुझं नाव घेत्यात. आज कळलं, मी चुकलो न्हवतो. आता मला झोप लागंल.”

पोरानं उभ्या आयुष्यात मला जो एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर त्याला मिळालं ते हे असं.

धैर्यशीलचे हात हळूहळू वर आले आणि त्यानं बापाला धरलं.

“ऐकलं, आबा,” तो म्हणाला. “तुमचाच आवाज ऐकला.”

मग माझ्याकडे बघून, पुन्हा इंग्रजीत, “काका, कधीच सांगायचं नाही. कुणालाच नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याला खाली पाठवलं. संपतला आम्ही सांगितलं की मोठा गोलकीपर बरा झाला. परत येताना विमानात तो पूर्ण प्रवासभर घोरत होता. एअर होस्टेसनं इंदूला विचारलं, ह्यांना जेवायला उठवू का? इंदू मला म्हणाली, “सांगा तिला, ह्यास्नी झोपू दे.”

हंगाम संपला तसा धैर्यशीलनं खेळ सोडला. गुडघे होतेच निमित्ताला. फोनवर म्हणाला, आता लहान मुलांना शिकवीन, पण आधी गावाला येतो थोडे दिवस. चैत्रात आमची जत्रा असते, त्याच सुमाराला तो आला. मी पुण्याला जाऊन त्याला गाडीनं घेऊन निघालो. वाटेत गप्पा झाल्या. त्या दिवसाचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. तो खिडकीतून ऊस बघत होता आणि साताऱ्याच्या पुढं आल्यावर म्हणाला, “काका, लई बरं वाटतंया.” मलाही वाटलं, चला, झालं गेलं ते झालं, सुटला पोरगा त्यातून.

गावाच्या वेशीपाशी गर्दी दिसली. मला वाटलं जत्रेची असेल. हलगीवाले होते, तालमीतले पैलवान होते, भजनी मंडळ होतं, बायका ताटं घेऊन उभ्या. सगळ्यांच्या पुढं संपत. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला तांबडा फेटा. गाडी बघितल्याबरोबर त्यानं हात वर केला आणि हलगी थांबली.

मी ब्रेक दाबला, कारण तो काय करणार ते मला कळलं. महिनाभर संध्याकाळी तालमीत कसला तरी गलका चाललेला मी ऐकत होतो आणि जत्रेची तयारी म्हणून सोडून दिला होता.

संपतनं हात खाली आणला आणि अख्ख्या गावानं एका आवाजात सुरू केलं.

“नीऽऽऽ-कॅम. नीऽऽऽ-कॅम.”

हुबेहूब. तेच दोन सूर, तीच लांबण, तेच वाकडं ‘कॅम’. निकमांच्या गावात निकमाला कुणी असं म्हणत नाही, पण संपतनं त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. म्हाताऱ्या बायकासुद्धा म्हणत होत्या.

धैर्यशीलचा चेहरा पांढरा पडला. त्यानं माझा दंड धरला, पोरानं अंधारात धरावा तसा. “काका,” तो म्हणाला, “ह्यास्नी थांबवा की वं.”

मी गाडीतून उतरलो. दोन पावलं चाललो. संपतनं मला बघून खूण केली, ये, तूही म्हण. त्याच्या तोंडावर ते हसू, त्या दिवशीचंच. त्या हसण्यापुढं माझा हात उठेना. मी वळून गाडीकडे बघितलं.

धैर्यशील उतरला होता. जरा वेळ दाराला धरून उभा राहिला. मग त्यानं दार सोडलं, दोन्ही हात वर केले आणि त्यांच्यात सामील झाला. स्वतःचंच नाव, त्याच चिडवण्याच्या सुरात, ताल धरून, हसत, गावापेक्षाही मोठ्या आवाजात. गाताना त्याचे डोळे भरून आले आणि वाहायला लागले.

गाव खूश झालं. हलगी पुन्हा कडाडली. संपत धावत पुढं आला, फेट्याच्या शेमल्यानं त्यानं पोराचं तोंड पुसलं आणि म्हणाला, “रडतोयस काय रं येड्या? तुझंच नाव घेत्यात न्हवं!”